लहान चणीच्या वयस्क कुत्रीचे दात पूर्ण भूल देऊन साफ करून घ्यावेत का?

प्रश्न
माझी पॉमेरेनियन कुत्री 12 वर्षांची असून तिचे वजन 4 किलोच्या आतच आहे. दाढांवर कीटणाचा जाड थर चढला आहे, तोंडाला दुर्गंधी येते आणि हल्ली ती एकाच बाजूने चावते. पशुवैद्यांनी पूर्ण भूल देऊन दात साफ करण्याचा सल्ला दिला आहे. मात्र तपासताना त्यांना हृदयात हलकी मर्मरही (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली. या वयात भूल देण्याची मला फार धास्ती वाटते. भूल न देता कीटण खरवडून घेणे अधिक सुरक्षित ठरणार नाही का?

उत्तर 1
नाही. खरवडून निघते ते केवळ डोळ्यांना दिसणारे कीटण. खरा रोग हिरडीखाली असतो आणि जागी असलेली कुत्री तेथे अवजार फिरवू देत नाही, एक्स-रेही काढू देत नाही. दात स्वच्छ दिसू लागल्याने आपण निर्धास्त होतो आणि आत हाड झिजतच राहते. लहान जातींत जबड्याच्या मानाने दाढा मोठ्या असतात, त्यामुळे खालच्या मोठ्या दाढेभोवतीचे हाड झिजले की साध्या धक्क्यानेही जबडा मोडू शकतो. एकाच बाजूने चावणे हे बहुधा दुखण्याचे लक्षण आहे. ते वयावर ढकलू नये. शिवाय पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी घातलेली असल्याने पाणी व जंतू फुफ्फुसात उतरण्यापासून संरक्षण मिळते.

उत्तर 2
वरील मत मला मान्य आहे, तरीही आपली धास्ती निराधार नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत (2008) भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत सुमारे 0.05 टक्के, तर आजारी कुत्र्यांत 1.33 टक्के आढळले होते. म्हणून आपली कुत्री यांपैकी कोणत्या गटात मोडते, हे आधी ठरवावे लागेल. रक्ततपासणीत मूत्रपिंड, यकृत आणि साखर पाहावी. मर्मर असल्यामुळे छातीचा एक्स-रे आणि शक्य असल्यास हृदयाचा इकोही करून घ्यावा. वयस्क लहान कुत्र्यांत हृदयाची डावी झडप गळणे ही नेहमीची बाब आहे. हृदय मोठे झालेले नसेल, तर सलाइनचे प्रमाण सांभाळून सहसा भूल देता येते.

उत्तर 3
दवाखान्यात एक प्रश्न आवर्जून विचारावा: दात साफ करणाऱ्या डॉक्टरांखेरीज केवळ भुलेवर लक्ष ठेवणारी व्यक्ती असेल का? रक्तदाब, ऑक्सिजन आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सतत मोजले जायला हवेत. इतके लहान शरीर, त्यात साफसफाईच्या पाण्याने भिजलेले, फार झपाट्याने गार पडते. त्यामुळे सुरुवातीपासूनच ऊब देण्याची सोय हवी. दात काढावा लागल्यास जबड्यात बधिर करणारे इंजेक्शन दिल्याने मुख्य भूल कमी लागते. उपाशी किती तास ठेवायचे, हे त्यांनाच विचारावे, कारण लहान कुत्र्यांची साखर लवकर उतरते. वेळ सकाळचीच घ्यावी. वर उल्लेखलेल्या पाहणीत कुत्र्यांचे जवळजवळ निम्मे मृत्यू प्रक्रियेनंतर, त्यातही प्रामुख्याने पहिल्या 3 तासांत झाले होते. तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर येऊन अंग उबदार होईपर्यंत तिला घरी आणण्याची घाई करू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. इकोमध्ये हृदय मोठे झाल्याचे दिसले, तर हा विचार सोडूनच द्यावा का?

उत्तर 2
सोडू नये, पुढे ढकलावा. आधी हृदयाचे औषध सुरू करून प्रकृती स्थिर होऊ द्यावी, आणि मग हृदयरोगाचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुन्हा निर्णय घ्यावा.