मदत हवी आहे : मुलाच्या डोळ्याच्या पडद्यावर तिसऱ्यांदा लेसर करून घ्यावे का?

माळरान
मुलाला कोट्स आजार आहे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातील (रेटिना) रक्तवाहिन्या फुगून गळतात. दोनदा भूल देऊन लेसर झाले, तरी पडद्याखालचे पाणी पुरते ओसरलेले नाही आणि डॉक्टर गुरुवारी पुन्हा लेसर करू म्हणतात. एवढ्याशा लेकराला किती वेळा भूल द्यायची? नुसत्या इंजेक्शनाने भागणार नाही का? कृपया लवकर सांगावे.

नेत्रा_पुणे
मुलाचे वय किती, एकच डोळा आहे की दोन्ही, पडदा कितपत सुटला आहे, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. रेटिनोब्लास्टोमा नाही याची खात्री झाली आहे ना? तो कर्करोग वरवर असाच दिसतो आणि ती खात्री होण्याआधी डोळ्यात सुई घालणे धोक्याचे असते.

आजी६२
आमचा नातू सातव्या महिन्यात जन्मला, त्याचे एकाच लेसरमध्ये भागले. धीर धरा.

नेत्रा_पुणे
आजी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा तो आजार वेगळा. कोट्सचा जन्माच्या दिवसांशी संबंध नाही, तो आनुवंशिकही नाही. बहुधा मुलग्यांना आणि एकाच डोळ्याला होतो.

कोकणकडा
माझ्या भाच्याला डोळ्यात बेव्हॅसिझुमॅबचे (वाहिन्यांची गळती कमी करणारे औषध) इंजेक्शन दिले आणि महिन्याभरात सूज उतरली. मी तर आधी तेच मागेन.

नेत्रा_पुणे
सूज उतरते हे खरे, परंतु ज्या फुगीर वाहिन्यांतून पाणी झिरपते त्या लेसरने किंवा क्रायोने (गोठवून) बंद केल्याखेरीज पाणी पुन्हा साठते, म्हणून इंजेक्शन जोडीला देतात, लेसरच्या ऐवजी नव्हे.

कोकणकडा
भाच्याला लेसरही झाले होते, हे लिहायला हवे होते. तरीही पडदा सुटलेला असताना लेसर नीट बसत नाही, म्हणून आधी इंजेक्शन, हे माझे म्हणणे कायम आहे.

माळरान
क्षमस्व, घाईत लिहिले. वय साडेचार, डावा डोळा. वाढदिवसाच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पिवळी दिसली, तिथून शंका आली. सोनोग्राफीत गाठ नाही. पडदा खालच्या अर्ध्या भागात सुटला आहे, मात्र पहिल्यापेक्षा पाणी कमी आहे.

नेत्रा_पुणे
पाणी कमी होत असेल तर उपचार लागू पडत आहेत; या आजारात अनेक बैठका लागतात. त्याच भुलेत अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून वाहिन्यांचे फोटो) करून कोणत्या वाहिन्या अजून गळतात ते पाहणार का आणि जोडीला इंजेक्शन द्यायचे का, हे दोन्ही विचारा. उजव्या डोळ्यासाठी पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा आजच करायला टाका, कारण तो जपायलाच हवा.

माळरान
अँजिओग्राफी पहिल्या वेळी झाली होती, नंतर नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करतो.