यंत्रमानवाच्या हेल्मेटमधली घरघर

प्रेषक: नाटक समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या बालनाट्यातल्या यंत्रमानवाचं हेल्मेट तयार झालंय. आत हवा खेळावी, काचेवर वाफ धरू नये म्हणून हनुवटीपाशी ४० मिलिमीटरचे दोन पंखे स्क्रूने बसवलेत. शेजारीच माइक चिकटवलाय. माइकचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि पंखे एकाच पॉवर बँकेवर चालतात. तालमीत संवादांपेक्षा घरघरच जास्त ऐकू आली. कुणी म्हणतं पंखे काढा, कुणी म्हणतं संवाद आधी रेकॉर्ड करून वाजवा. पोराने इतकं मन लावून पाठांतर केलंय की रेकॉर्डिंग वाजवणं मला पटत नाही. यातलं कुणाला कळत असेल तर कृपया सांगा.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

ताई,

पंखे अजिबात काढू नका. रंगमंचाच्या दिव्यांखाली बंद हेल्मेटमध्ये लहान मूल उभं राहणार आहे, त्याला हवा हवीच.

घरघर कुठून येते ते आधी शोधू. पंखे सोडवून, तारा तशाच ठेवून, चालू स्थितीत हेल्मेटच्या बाहेर हातात धरा. तरीही स्पीकरमध्ये आवाज येत राहिला तर तो विजेच्या वाटेने येतोय: पंख्याची मोटर ठोक्याठोक्याने वीज ओढते आणि तीच बॅटरी माइकलाही लागलेली आहे. माइकला वेगळी बॅटरी दिली की हा प्रश्न मिटतो. ते जमत नसेल तर पंख्याच्या दोन तारांमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज थोडी साठवून ठोके सपाट करणारा भाग) लावा, धन-ऋण टोकं नीट बघून.

आवाज थांबला, तर तो कवचातून किंवा थेट हवेतून येत होता. स्क्रूने घट्ट आवळलेला पंखा प्लास्टिकचं अख्खं कवच ढोलकीच्या पानासारखं थरथरवतो, आणि माइक त्याच कवचाला चिकटलेला. स्क्रू काढून सिलिकॉनच्या खुंट्या लावा.

सगळ्यात जास्त फरक पडेल तो माइकच्या जागेने. तो कवचावरून काढून पोराच्या डोक्याच्या पट्ट्यावर घ्या, ओठांच्या कोपऱ्यापाशी. अगदी समोर नको, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ला फुंकर आदळेल. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८ सेंटिमीटरवरून २ वर आणलात तर १२ डेसिबल मिळाले. तेवढं मी मिक्सरवर खाली घेतो, आणि पंखाही तेवढाच खाली जातो. माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा, असेल तर त्याची पाठ पंख्याकडे ठेवा. असा माइक तोंडाजवळ आणला की खर्ज फुगतो, तो मी कापेन. वर स्पंजची टोपी हवीच.

पंखे वर डोक्याच्या टाळूकडे न्या, तिथून गरम हवा बाहेर ओढू दे आणि हनुवटीखाली जाळीचं भोक ठेवा. वेगही कमी करा. निम्म्या वेगाला हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. त्यासाठी स्वस्तातलं फिरतं बटण लावू नका. त्यातली बरीचशी वीज तोडून-तोडून देतात आणि नवीनच शिट्टी सुरू होते. पंख्याच्या तारेत एक-दोन डायोड घाला. प्रत्येकाने साधारण ०.७ व्होल्ट कमी होतात. पंखा थांबल्यावर आपणहून पुन्हा सुरू होतो ना, ते तेवढं बघा.

नॉइज गेटबद्दल, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की माइक आपोआप बंद करणाऱ्या सोयीबद्दल, कुणी विचारेल. तो संवादांच्या मधल्या जागाच बंद करतो, शब्दांखालची घरघर तशीच राहते. उलट प्रत्येक वाक्याबरोबर ती उठून दिसते.

प्रेषक: नाटक समिती

दादा, पंखे हातात धरून पाहिले. बारीक शिट्टी राहिली, जाड घरघर गेली. माइकला वेगळी बॅटरी लावल्यावर शिट्टीही गेली! खुंट्या मागवल्या आहेत. एकच शंका: पंखे मंद केले तर काचेवर वाफ धरेल का?

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

वाफ श्वासाची असते. नाकाखाली स्पंजची पट्टी लावून श्वास काचेकडे जाण्याआधीच खाली वळवा. रंगीत तालमीला दिवे पूर्ण लावून त्याचा सगळ्यात लांबचा प्रवेश करून घेऊ. काच धुरकटली किंवा पोराला गरम झालं तर एक डायोड काढायचा आणि वाढलेली घरघर मी मिक्सरवर सांभाळेन. दोन्ही बॅटऱ्या भरून आणा, आणि हेल्मेट दोन्ही हातांनी झटकन काढता येतं का, तेही त्याच दिवशी बघू.