बाबांची १९ खोकी पुस्तकं: ठेवायची की देऊन टाकायची?

मुठाकाठ
आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली. पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची आहेत आणि बाबांची १९ खोकी पुस्तकं हॉलमध्ये एकावर एक रचून ठेवली आहेत. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्यातलं एकही पुस्तक घरात कुणी वाचलेलं नाही, मीसुद्धा नाही. परवा एक खोकं उघडलं, तर वरच्याच कादंबरीची कसरीने चाळण केलेली. पहिल्या पानावर बाबांचं बारीक अक्षर: तारीख, 'अप्पा बळवंत चौक' आणि किंमत, चार रुपये. पोटात कालवलं. बसचे पैसे वाचवून, पायी घरी येऊन ज्यांनी हे घेतलं, त्यांच्या पुस्तकाचं आपण हे केलं! माझं मत पक्कं झालंय. घरात जे वाचलं जात नाही, ते वाचणाऱ्याच्या हातात जावं.

पेठेतला
अजिबात पटलं नाही. दिलेलं परत येत नाही, ताई. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुन्या कागदपत्रांची दप्तरं मिळवली, त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड उभे राहिले. कुणाकुणाच्या घरात ते कागद पिढ्यान् पिढ्या न वाचता पडून होते, म्हणून तर हाती लागले. 'वाचत नाही तर काढून टाका' असं त्या घरांनी म्हटलं असतं तर?
आणि मुलांचं काय? सातवीत मला कावीळ झाली. सहा आठवडे घरात. आजोबांच्या कपाटातल्या खालच्या फळीपर्यंत माझा हात पोचायचा, तिथलं मिळेल ते वाचलं. निम्मं कळलं नाही. तरी आज वाचतो तो त्या फळीमुळे. ती पुस्तकं मला वाचनालयातून कुणीही आणून दिली नसती.

मुठाकाठ
दप्तर एकच असतं, कादंबरीच्या हजारो प्रती असतात. आणि राजवाडे पोचायच्या आधी वाळवीने काय काय खाल्लं, ते कुणाला ठाऊक? तुमच्या आजोबांचं कपाट उघडं होतं. माझी खोकी सुतळीने बांधलेली आहेत.

काउंटरमागे
पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात २१ वर्षं काउंटरवर आहे, म्हणून लिहितो. 'देऊन टाका' म्हणणं सोपं आहे, घेणाऱ्याची अडचण कुणी बघत नाही. दान म्हणून पिशव्या येतात, त्यात जुनी गाइडं, बदललेल्या कायद्यांची पुस्तकं आणि आमच्याकडे आधीच तीन-तीन प्रती असलेल्या कादंबऱ्या. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंद, शिक्का, वर्गीकरण, बाइंडिंग लागतं. जागा तर नाहीच. त्यामुळे आधी यादी करा: नाव, लेखक, साल. यादी पाहून आम्ही हवं ते मागून घेतो.
पण त्याआधी एक करा. खोक्यांत दिवाळी अंक असतील तर बाजूला काढा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला, तेव्हापासून किती निघाले असतील! पुस्तकाची पुन्हा आवृत्ती निघते, अंकाची निघत नाही. कितीतरी कथा, मुलाखती, व्यंगचित्रं पुढे पुस्तकात आलीच नाहीत. आणि नेमके हेच अंक सगळ्यात आधी रद्दीत किलोवर जातात. मला फार लागतं ते.

पेठेतला
हेच तर सांगतोय! अजून एक: खुणा केलेली पुस्तकं देऊ नका. समासात तुमच्या बाबांनी पेन्सिलीने काही लिहिलं असेल, तर हजारो प्रतींतली ती प्रतही एकच आहे.

मुठाकाठ
सातवं खोकं आत्ता सोडलं. १९७१ ते १९७८चे दिवाळी अंक, जाड कापडात बांधून घेतलेले. १९७४च्या एका कथेखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'शेवट पटत नाही.' जमिनीवर बसून ती कथा वाचून काढली. मला शेवट पटला.
अंक आणि खुणांची पुस्तकं ठेवते. बाकीच्यांबद्दल मत तेच आहे. आजपासून यादी करायला घेते, काउंटरमागे काका, तुम्हाला पाठवते. तुम्ही निवडून झाल्यावर जी उरतील, ती ज्याला वाचायची असतील त्याने घरी येऊन न्यावीत.