कॅथलिक मुलीशी लग्न केलं तर ब्रिटनची गादी जाते का? आणि आपल्या करवीरच्या गादीचं काय?

प्रश्न : मंगळवार पेठ

नमस्कार. मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. पुढच्या आठवड्यात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'राजगादीला धर्माची अट असावी का'. मला विरोधी बाजू मिळाली आहे.

घरी यावरून चांगलीच जुंपली. मामा म्हणतात, कॅथलिक मुलीशी लग्न केलं की ब्रिटिश राजपुत्राचा गादीवरचा हक्क जातो, कायदाच तसा आहे. मावसभाऊ म्हणतो, ते कधीच रद्द झालं. दोघंही मागं हटायला तयार नाहीत.

मला कळत नाही ते हे की अट नक्की राजाला आहे की त्याच्या बायकोला? हिंदू किंवा मुसलमान मुलीशी लग्न केलं असतं तर चाललं असतं का? आणि कोल्हापूर म्हटल्यावर परीक्षक शाहू महाराजांवर येणारच. वेदोक्त प्रकरण शाळेत वाचलंय, पण त्याची सांगड या विषयाशी कशी घालायची ते जमेना. कुणी सांगेल का?

उत्तर : उद्यमनगर

मावसभाऊ बरोबर आहे. २०१३ साली ब्रिटनच्या संसदेनं कायदा केला, २६ मार्च २०१५ पासून तो लागू झाला. कॅथलिक जोडीदार चालतो. मुलगा आधी, मुलगी नंतर हेही गेलं. विषय संपला.

उत्तर : जुना मास्तर, शिवाजी पेठ

विषय संपलेला नाही, आणि मामाही पूर्ण चुकलेले नाहीत. आयुष्यभर इतिहास शिकवला. तू नातीच्या वयाची दिसतेस, म्हणून एकेरीत लिहितो.

मुळापासून घे. दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा १६८८ साली इंग्लंड सोडून पळाला. त्याच्यानंतर संसदेनं १६८९ मध्ये ठरवलं की कॅथलिक व्यक्तीला, किंवा कॅथलिकाशी लग्न केलेल्या व्यक्तीला, गादी मिळणार नाही. भाषा इतकी कडक की असा माणूस मेलाच आहे असं धरून गादी पुढच्याकडे द्यायची. १७०१ च्या कायद्यानं यावर शिक्कामोर्तब केलं आणि वारसा जर्मनीतल्या हॅनोवरच्या सोफिया आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशजांना बांधून दिला. सोफिया १७१४ च्या जूनमध्ये वारली, राणी अ‍ॅन त्याच वर्षी १ ऑगस्टला. मग सोफियाचा मुलगा पहिला जॉर्ज गादीवर आला. रक्ताच्या नात्यानं त्याच्याहून जवळचे पन्नासच्या वर वारस होते. सगळे कॅथलिक, म्हणून सगळे बाजूला.

आता तुझ्या दुसऱ्या शंकेकडे ये, कारण तिथंच या अटीचं खरं रूप दिसतं. राजपुत्रानं हिंदू, मुसलमान, ज्यू किंवा देव न मानणाऱ्या मुलीशी लग्न केलं असतं तरी जुन्या कायद्यानं त्याचा वारसाहक्क जात नव्हता. जात होता तो फक्त कॅथलिक मुलीशी केलं तर. मुलगी परधर्माची आहे याची कायद्याला फिकीर नव्हती. रोमच्या पोपची सत्ता बायकोच्या हातून राजवाड्यात शिरेल आणि पुढचा राजा कॅथलिक म्हणून वाढेल, ही भीती होती.

माणसांवर याचा परिणाम काय झाला ते बघ. केंटचा प्रिन्स मायकल यानं १९७८ मध्ये कॅथलिक बाईशी लग्न केलं आणि वारसांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. सदतीस वर्षांनी, २०१५ ला, ते परत आलं. राणी एलिझाबेथचा नातू पीटर फिलिप्स याची वाग्दत्त वधू ऑटम केली मूळची कॅथलिक. २००८ च्या लग्नाआधी ती अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गेली, म्हणून पीटरची जागा टिकली. आणि केंटच्या डचेस १९९४ मध्ये कॅथलिक झाल्या, तरी ड्यूकची जागा शाबूत राहिली, कारण १९६१ ला लग्न झालं तेव्हा त्या अँग्लिकन होत्या. एकाच घराण्यातली तीन लग्नं आणि तीन वेगळे निकाल! हे तू सभेत सांग. अट किती तकलादू पायावर उभी होती ते लोकांना आपोआप दिसेल.

मग मामा कुठं बरोबर? २०१३ च्या कायद्यानं सून कॅथलिक चालते, राजा मात्र आजही चालत नाही. डचेसचाच धाकटा मुलगा लॉर्ड निकोलस स्वतः कॅथलिक झाला, त्याला २०१५ नंतरही जागा मिळाली नाही. राजानं चर्च ऑफ इंग्लंडमध्येच असलं पाहिजे, त्या चर्चचा तो प्रमुख असतो. तिसऱ्या चार्ल्सनंही ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात प्रोटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घेतली. त्याच सोहळ्यात बायबलमधला उतारा वाचला तो हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी. म्हणजे देश चालवणाऱ्याला धर्माची अट नाही, मुकुट घालणाऱ्याला आहे. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

आता आपल्या गादीचं. आपल्याकडे संसद नव्हती आणि असा लेखी कायदाही नव्हता. अट होती ती मंत्र कुठले म्हणायचे हे ठरवणाऱ्यांच्या तोंडी. थोरल्या महाराजांपासून बघ. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच्या काही दिवस आधी महाराजांची मुंज करावी लागली आणि राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लावावे लागले. स्वराज्य उभं केलेल्या माणसाला, मुलंबाळं असताना, स्वतःचं लग्न परत लावायला लावलं! राजाचं लग्न आणि राजाचा अभिषेक धर्मानं एकमेकांना कसे बांधले होते, याचं याहून ठसठशीत उदाहरण तुला इंग्लंडात मिळणार नाही.

सव्वादोनशे वर्षांनी तोच प्रश्न पंचगंगेच्या काठावर परत आला. कार्तिकस्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे मंत्र म्हणत होते, वेदोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे. सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी ते महाराजांच्या लक्षात आणून दिलं. राजवाड्यातले विधी वेदोक्त करायला राजोपाध्यांनी नकार दिला, तेव्हा महाराजांनी १९०२ मध्ये त्यांची वतनं जप्त केली. ते वरपर्यंत दाद मागत गेले, उपयोग झाला नाही. टिळकांसारखा माणूस या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूला होता, हेही लपवू नकोस.

मंगळवार पेठ

मास्तरकाका, खूप आभार. पण विरोधक विचारतील, वेदोक्त नाकारलं म्हणून महाराजांची गादी जाणार होती का? तसं नसेल तर ब्रिटनशी तुलना टिकत नाही. आणि लग्नाचं कोल्हापुरातलं काही उदाहरण आहे का?

जुना मास्तर, शिवाजी पेठ

गादी जाणार नव्हती, हे सरळ मान्य कर. महाराज कागलच्या घाटग्यांचे, १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतले, २ एप्रिल १८९४ ला राज्याभिषेक झाला. गादी कुणाची हे ठरायला दत्तकविधान लागायचं आणि इंग्रजांची मान्यता लागायची. ती मान्यता नाकारून डलहौसीनं साताऱ्याची गादी खालसा केली होती, तेव्हा तिचं वजन ओळख. वेदोक्तात पणाला लागला होता तो राजाचा दर्जा. गादीवर बसा, पण धर्माच्या लेखी तुम्ही शूद्रच, असं राजाला त्याच्याच पदरचे लोक सांगत होते. राजाची ही गत, तर रयतेची काय असेल? महाराजांनी हे ओळखलं म्हणून ते स्वतःसाठी वेदोक्त मिळवून गप्प बसले नाहीत. १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकरांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. धर्मगुरू नेमायचा अधिकारच स्वतःकडे घेतला.

लग्नाचं उदाहरण घरातलंच आहे. १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. मराठा-धनगर लग्नं व्हावीत हा त्यांचा ध्यास होता. ते १९२२ ला गेले. १९२४ ला कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाई इंदूरच्या यशवंतराव होळकरांना दिल्या. मराठ्यांची लेक धनगरांच्या राजघराण्यात गेली. यशवंतरावांना पुढं अमेरिकन पत्नीपासून मुलगा झाला, तरी १९६१ मध्ये त्यांच्यामागं भारत सरकारनं वारस म्हणून मान्यता दिली ती संयोगिताबाईंच्या लेकीला, उषाराजेंना.

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव यांनी गादी सोडल्यावर १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. आधी तिची शुद्धी करून तिला हिंदू करून घेतलं. ती शुद्धी करणारे डॉ. कुर्तकोटी करवीर पीठाचे शंकराचार्य. ऑटम केलीचं उदाहरण देशील तेव्हा हे शेजारी ठेव. ऐंशी वर्षांचं अंतर, पण दोन्ही ठिकाणी लग्नासाठी धर्म मुलीनंच बदलला.

मूळची गडहिंग्लजची, सध्या नेदरलँड्स

इकडचं एक देते. १९६४ मध्ये इथल्या राजकन्या इरेन कॅथलिक झाल्याचं उघड झालं, आणि त्यांनी स्पेनच्या गादीवर दावा सांगणाऱ्या घराण्यातल्या राजपुत्राशी लग्न केलं. इथल्या राज्यघटनेत धर्माची अट नाही, पण वारसाच्या लग्नाला संसदेची संमती लागते. ती सरकारनं मागितलीच नाही आणि इरेन यांचा हक्क गेला. त्याच घराण्यात २००२ ला कॅथलिक माक्सिमा सून म्हणून आल्या, रीतसर संमती मिळाली, आज त्या राणी आहेत. डेन्मार्कच्या घटनेत मात्र राजा लुथेरन या प्रोटेस्टंट चर्चचाच हवा असं आजही आहे.

जुना मास्तर, शिवाजी पेठ

ताई, छान दिलंत. पोरी, हे घेच. आता समोरची बाजू म्हणेल, राजा चर्चचा प्रमुख आहे, मग तो त्याच चर्चचा असणं रास्तच. त्याला असं उत्तर दे. चर्च ऑफ इंग्लंड इंग्लंडपुरतं. पण हाच राजा कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड धरून एकूण पंधरा देशांचा राजा आहे. कॅनडात राष्ट्रीय चर्च नाही, आणि तिथल्या ख्रिश्चनांत सगळ्यात जास्त कॅथलिकच आहेत. त्या देशाचा राष्ट्रप्रमुख कॅथलिक असू नये, हे १७०१ च्या लंडनमधली भीती ठरवते. हा मुद्दा शेवटच्या मिनिटासाठी राख, आधी खर्च करू नकोस.