पेटीतले तीन जुने फोटो: पलटण कशी ओळखायची? (विचारणारे वाईकर; 'पितळी अक्षरं', 'डार्करूम' आणि 'रेकॉर्ड रूम' ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं)

वाईकर
घरच्या लोखंडी पेटीत तीन फोटो आहेत. मागे नावं नाहीत. एकेकाचं वर्णन देतो.

अ) पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद, स्टुडिओतला. गुडघ्यापर्यंतचा खाकी कुडता, पायाला पट्ट्या, डोक्याला पागोटं. खांद्यावर पितळी आकडे: ११ आणि पुढचा आकडा पागोट्याच्या शेवाखाली अर्धा झाकलाय. हे पणजोबा, "बसऱ्याला गेले होते" एवढंच माहीत.

ब) साधारण ६ बाय ९ सेंटीमीटरचा छोटा फोटो. चौघे जण, त्यात आजोबाही असावेत, आखूड लोकरी कोट कमरेशी बंद केलेले. एकाच्या दंडावर चौकोनी बिल्ला. मागे रबरी शिक्का, त्यात 'फोटो' हा शब्द एफने सुरू होतो.

क) आजोबा. खांद्यावर एक तारा, हातात एका बाजूने कड दुमडलेली फेल्ट हॅट, छातीवर तीन रिबनी (पदकांच्या फिती), पण त्या उजव्या छातीवर दिसतात! घरी सगळे म्हणतात लेफ्टनंट होते आणि बर्मात लढले.

सुरुवात कुठून करू?

पितळी अक्षरं
'क' पासून, कारण त्यात सगळ्यात जास्त माल आहे आणि घरातलं सगळ्यात जास्त ऐकीव ज्ञानही.

एक तारा म्हणजे लेफ्टनंट असं नाही. ब्रिटिश अमदानीत जमादाराला एक तारा, सुभेदाराला दोन, सुभेदार-मेजरला मुकुट. सेकंड लेफ्टनंटलाही एकच तारा, म्हणून हा घोळ घराघरात आहे. शिपायाचा जमादार होणं ही मोठी मजल होती, तिला लेफ्टनंटचं ठिगळ लावायची गरज नाही. (जमादाराचं नायब सुभेदार १९६५ मध्ये झालं.) खरोखर कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळालं असेल तर इंडियन आर्मी लिस्टच्या त्या वर्षांच्या छापील खंडांत नाव आणि तारीख असते. तिथे नसेल तर जमादार धरून चाला.

हॅटवरून बर्मा ठरवू नका. ती हॅट बर्मात लढलेल्या १४व्या आर्मीमुळे प्रसिद्ध झाली, पण हिंदुस्थानात ट्रेनिंगला असलेल्यांनाही मिळत होती. शिवाय आपल्याकडे परदेशी गेलेला प्रत्येक जण "बर्मात होता" असंच सांगतात.

रिबनींचे पट्टे किती, कुठला गडद, कुठला फिका, हे आधी लिहून काढा. रंगाचा अंदाज करू नका.

डार्करूम
त्याआधी स्कॅन नीट करा, नाहीतर पट्टे मोजताच येणार नाहीत. 'अ' ला ६०० डीपीआय पुरे, 'ब' आणि 'क' ला १२००. स्कॅन रंगीतच करा, काळापांढरा नको: पिवळटपणा आणि पेन्सिलच्या फिक्या खुणा रंगीत स्कॅनमध्येच वेगळ्या निघतात. फाइल टिफमध्ये ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा. अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा, मागचं नंतर बघता येईल.

गडद भागावर चांदीसारखी चमक आली असेल तर स्कॅनर तिथे पांढरा डाग देतो. अशा वेळी फोटो टेबलावर सपाट ठेवून खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या आणि मोबाइल बरोबर वर धरून काढा. याच तिरप्या उजेडात कडेचा दाबलेला स्टुडिओचा छापही वाचता येतो.

एआयने 'स्वच्छ' केलेला किंवा रंगवलेला फोटो बिल्ले वाचायला अजिबात वापरू नका. ते ॲप आकडा वाचत नाही, रचतं. ११६ चं ११८ होईल आणि तुम्ही नसलेली पलटण शोधत बसाल.

आता रिबनी उजवीकडे का. बहुतेक निगेटिव्ह उलटी ठेवून छापलीय. शर्टाची पट्टी बघा: पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू वर येते. फोटोत त्याच्या उजव्या हाताकडची बाजू वर दिसत असेल तर प्रिंट उलटी. दुसरी कसोटी पहिल्या रिबनीत आहे. १९३९-४५ स्टार या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकाच्या रिबनीत तीन सारखे पट्टे: गडद निळा, लाल, फिका निळा. नियमाने गडद निळा डाव्या खांद्यापासून लांब, म्हणजे गुंड्यांच्या बाजूला. प्रिंट उलटली तरी तो गुंड्यांकडेच राहतो. माणसाने चुकून उजव्या छातीवर लावली असती तर गडद पट्टा गुंड्यांपासून लांब गेला असता.

फिल्म जुनी ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर तिला लाल दिसत नाही. लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा अपेक्षेपेक्षा फिका. मधला पट्टा सगळ्यात काळा आला तर हेच कारण समजा.

वाईकर
१२०० वर स्कॅन केलं.

क: पट्टी उलटीच आहे, प्रिंट उलटी. पहिली रिबन: गुंड्यांकडे गडद, मधे मध्यम, मग फिका. दुसरी: पाच सारखे पट्टे, गडद-फिका-गडद-फिका-गडद. तिसरी: मधोमध अगदी बारीक दोन पांढऱ्या रेघा जवळजवळ, बाकी गडद.

ब: बिल्ल्यात तीन पानांचं की फुलांचं काहीतरी, जमीन गडद. टोपीवर कुणाच्या तरी बिगुलासारखं चिन्ह.

अ: तिसऱ्या आकड्याचा खालचा भाग गोल आणि बंद. वरचा झाकलेला.

पितळी अक्षरं
मग बर्मा सुटलं.

'क' ची पाच सारख्या पट्ट्यांची रिबन इटली स्टारची: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. बर्मा स्टार असता तर गडद जमिनीवर लांब-लांब दोन फिक्या रेघा दिसल्या असत्या, कारण निळ्या-तांबड्यात दोन नारिंगी पट्टे असतात. आफ्रिका स्टार वाळूच्या रंगाचा, म्हणजे फिका, मधे एक रुंद तांबडा पट्टा आणि त्याच्या दोन्हीकडे एकेक अरुंद निळा. तुमची तिसरी वॉर मेडलची: मधल्या बारीक लाल रेघेला दोन्हीकडून पांढऱ्या रेघा, मग रुंद निळा, कडेला लाल. आफ्रिका स्टार नाही हेही महत्त्वाचं, पुढे लागेल.

तारीखही बांधली जाते. इटली स्टार मे १९४५ मध्ये जाहीर झाला, वॉर मेडल ऑगस्ट १९४५ मध्ये. म्हणजे हा फोटो ऑगस्ट १९४५ नंतरचा, लढाई संपल्यावर काढलेला.

'ब' मधले आखूड कोट म्हणजे लोकरी बॅटलड्रेस, इटलीतला हिवाळी पोशाख. इटालियनमध्ये 'फोटो' एफने लिहितात, म्हणून शिक्का इटालियन स्टुडिओशी जुळतो. दंडावरचं तिपानी चिन्ह ८व्या इंडियन डिव्हिजनचं: तांबड्यावर पिवळे तीन क्लोव्हर. शेजारच्या खुणाही पाठ ठेवा: ४थी डिव्हिजन तांबडा गरुड, ५वी तांबडा गोळा, १७वी काळं मांजर, २३वी झुंजणारा कोंबडा.

मात्र डिव्हिजनचा बिल्ला म्हणजे पलटण नव्हे. तोच बिल्ला ड्रायव्हर, सॅपर (फौजेतले इंजिनिअर), दवाखान्याचे लोक, सगळे लावत. टोपीवरचा बिगुल मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे नेतो, पण बिगुल इतर लाइट इन्फन्ट्री आणि रायफल पलटणींतही असतो. बिगुल, तिपानी बिल्ला आणि सातारा जिल्हा (तुम्ही वाईकर, म्हणजे वाईचे) तिन्ही जुळले तर ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री धरायला हरकत नाही.

आता बटालियन. ८व्या डिव्हिजनमध्ये १/५ आणि ५/५ रॉयल, दोन्ही होत्या (पहिला आकडा बटालियनचा, दुसरा रेजिमेंटचा). बिल्ला दोघांचाही एकच, त्यामुळे फोटोवरून यापुढे जाता येत नाही. ३/५ इटलीत १०व्या डिव्हिजनमध्ये होती आणि त्याआधी १९४१ ला एरिट्रियात केरेनला. तिथल्या जुन्या माणसाकडे आफ्रिका स्टार असायला हवा. २/५ म्हणजे काळी पाचवी जून १९४२ मध्ये तोब्रुकला पकडली गेली. या दोन्ही बाजूला ठेवा. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव १/५ चे, म्हणून घरोघरी "आमचे आजोबा त्यांच्याच कंपनीत" असं ऐकू येतं. कागद मिळेपर्यंत ते लिहू नका.

रेकॉर्ड रूम
'अ' बद्दल. तीन आकडी नंबर म्हणजे १९२२ च्या आधीचा. त्या वर्षी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या पलटणी एकत्र येऊन ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. खाली गोल आणि बंद म्हणजे ० किंवा ६. ४ आणि ७ गेले. (१११ ही महारांची पलटण, १९१७ ते १९२१. तिचा १ ही सरळ रेघ, तोही गेला.) पितळी ६ ची खालची वाटी वरच्या भागापेक्षा रुंद असते, ० च्या बाजू सरळ वर चढतात. झाकणाऱ्या शेवाच्या लगेच खाली त्या बाजू आत वळायला लागल्यात का, एवढंच बघा.

"बसरा" वरून निवड होत नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) जाणारा प्रत्येक जण त्याच बंदरात उतरायचा. पण ११० असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना कुट (मेसोपोटेमियातलं गाव) हा शब्द विचारा, किंवा "तुर्काच्या कैदेत" असं कुणी म्हणायचं का ते. १०३, ११० आणि ११७ कुटच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती दिली. आजारी म्हणून आधीच खाली बसऱ्याकडे पाठवलेले मात्र सुटले.

सगळ्यात पक्का पुरावा फोटोत नसून पदकात असतो. पहिल्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते; १९१४-१५ स्टारच्या मागच्या बाजूला. पितांबरी लावू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा आणि तिरप्या उजेडात वाचा. चांदीऐवजी ब्राँझचं वॉर मेडल निघालं तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नसून स्वयंपाकी, खेचरवाला, मजूर असा फॉलोअर होता. तोही तेवढाच लांब गेला होता.

कुणी लढाईत गेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधा. नावाने शोधलं की निराशा होते, कारण जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू, ओ काहीही असतं. पलटण आणि वर्ष टाकून यादी काढा आणि जादा माहितीच्या रकान्यात बापाचं नाव आणि गाव बघत चला. साताऱ्याचंही स्पेलिंग दोन टींनी मिळतं.

परत आलेल्यांसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. त्यात नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, भरतीचं आणि सुटल्याचं अंदाजे वर्ष लिहा आणि नातं दाखवणारा कागद जोडा. अर्जाची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेली तर बरं. महार रेजिमेंटचं असतं तर पत्ता सागर, मध्य प्रदेश.

वाईकर
पेन्शनच्या पुस्तकात नंबर आहे, पण पलटणीपुढे फक्त "५ एमएलआय".

रेकॉर्ड रूम
तेवढं पुरतं. तो ५ बटालियनचा नाही, रेजिमेंटचा आहे. अर्जात "५वी बटालियन" असं लिहून त्यांना चुकवू नका. आहे तसंच उतरवा आणि त्या पानाची झेरॉक्स लावा.

डार्करूम
आणि 'क' सुलटा करून दुसरी फाइल ठेवा, मूळ स्कॅनला हात लावू नका. 'ब' मधले आजोबा कोणते हे 'क' शी ताडताना मिशी सोडा, कान बघा: पाळी गालाला चिकटलेली की सुटी. 'ब' मात्र सरळ छापलाय का ते आधी तपासा, शिक्का मागे असल्याने त्यावरून कळणार नाही. कुणाच्या हातात रायफल असेल तर बोल्टचा दांडा उजव्या बाजूला हवा.

वाईकर
रायफल आहे. दांडा उजवीकडे. कानाची पाळी सुटी असलेला डावीकडून दुसरा.

डार्करूम
नाव प्रिंटच्या मागे लिहू नका, बॉलपेनने तर नाहीच. पाकिटावर पेन्सिलने लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी.