एटनाची लाल वाइन: माती आणि उंची

एटनाच्या लाल वाइनचे वेगळेपण केवळ लाव्हाच्या मातीतून येते, हे मत मला अर्धेच पटते. सिसिलीतील या जागृत ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर, रांदाझ्झो गावाच्या परिसरात, ६०० मीटरहून अधिक उंचीवरच्या मळ्यांत दिवसा ऊन आणि रात्री गारठा असल्यामुळे नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्ष सावकाश पिकते, बहुधा ऑक्टोबरमध्ये तोडले जाते आणि त्यातील आम्लता टिकून राहते. वाइन फिकट असली तरी तुरटपणा चांगलाच जाणवतो. गडद रंगावरून कस ठरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. मातीचा निःसंशय उपकार निराळाच आहे: तिथल्या वालुकामय राखेत फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड सहसा तग धरत नाही, त्यामुळे कलम न केलेल्या, शंभरी ओलांडलेल्या काही वेली अजूनही फळतात.