गीतकारांना केवळ पाऊसच दिसतो काय?

रानपाखरू: ‘मराठी गीतकारांनी निसर्गाचे नुसते कौतुक केले, त्याच्या ऱ्हासाविषयी अवाक्षर काढले नाही, त्यासाठी तमिळ गायकांकडे पाहावे लागते’ हे काल येथे झालेले विधान मला मुळीच पटलेले नाही. ‘जैत रे जैत’ची (१९७७) गाणी लिहिणारे ना. धों. महानोर स्वतः पळसखेडला शेती करीत होते. पाऊस हा त्यांच्या लेखी वर्णनाचा विषय नव्हता, तर पीक हाती लागेल की नाही याचा प्रश्न होता.

सप्तक: ते विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. कबेर वासुकी यांनी लिहिलेले ‘चेन्नई पोरंबोके पाडल’ (पोरंबोके म्हणजे सार्वजनिक जमीन) गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७ मध्ये चेन्नईजवळील एन्नोरच्या खाडीत, औष्णिक वीजकेंद्रांची राख जेथे साचली आहे तेथेच उभे राहून, कर्नाटक संगीतातील रागांत गायले, आणि खाडी कोणी बुजवली हा प्रश्न त्यात आडपडदा न ठेवता आला. महानोरांच्या कोणत्या गाण्यात दोषी कोण ते सांगितले आहे?

बांधावरचा: दोषीच हवा असेल, तर ऊस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात माझ्या मामांची विहीर कोरडी पडली होती आणि शेजारच्या मळ्यात पाटाने मोकाट पाणी देऊन ऊस वाढवला जात होता. यावर गाणे कोण लिहिणार? गाळप हंगामाच्या शुभारंभाला ऑर्केस्ट्रा मात्र न चुकता असतो.

मळेकरी: मी ऊसच लावतो. मागे तूर बाजारात नेली, तेव्हा व्यापाऱ्याने हमीभावापेक्षा कमीनेच मागितली. उसाला निदान एफआरपीचा, म्हणजे कारखान्यांना द्यावाच लागणाऱ्या किमान दराचा, कायदेशीर आधार आहे. गच्चीवर चहा घेत पाऊसगाणी ऐकणाऱ्यांनी आम्हाला पाण्याचे हिशेब शिकवू नयेत.

बांधावरचा: मला गच्ची नाही, जिरायती शेत आहे. तुरीचे म्हणणे मान्य करतो. परंतु भाव मिळतो म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा तोडण्याचा परवाना मिळत नाही.

मळेकरी: मग धरणाचे पाणी शहरांना देऊ नका, असेही एक गाणे लिहून टाका!

सप्तक: हे जे भांडण आपण दोघे करीत आहात, तेच मला मराठी गाण्यांत सापडत नाही. तेथे शिवार हिरवे असते, मात्र कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर, हे विचारले जात नाही.

रानपाखरू: मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) आपण ऐकलेले दिसत नाही. आरेच्या पाड्यावरील प्रकाश भोईर त्यात गातात, आणि जंगल कोण गिळत आहे हे तेथे पुरेसे स्पष्ट आहे.

सप्तक: ऐकले आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत, आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती, हेही लक्षात आहे. तरीही आपले हे एक उदाहरण मी मान्य करतो. फक्त महानोरांच्या नावाने माझ्यावर चालून आलेले आपण त्या रॅप करणाऱ्या मुलांना गीतकार मानता काय, तेवढे कळवावे.